घोड्याची मान आणि आपली

मराठीत 'मान' या शब्दाचे दोन अर्थ. एक मिळतो, दुसरी दुखते! मिळणारा मान म्हणजे सन्मान. दुखणारी मान संस्कृतातल्या 'मन्या' या शब्दावरून आलेली. आयुर्वेदात मान आखडण्याला 'मन्यास्तंभ' म्हणतात, तो याच शब्दावरून. शाळेत वाक्प्रचार शिकवताना मान टाकणे, मान तुकवणे, मान ताठ ठेवणे, मान मोडून काम करणे अशी फळाभर यादी व्हायची. आज मात्र वाक्प्रचारातल्या मानेबद्दल नाही, हाडामांसाच्या मानेबद्दल लिहायचं आहे. आणि तीही घोड्याच्या!

सत्तरी ओलांडलेल्या, बी.ए.पर्यंत सगळं शिक्षण मराठीत झालेल्या निवृत्त मास्तराला घोड्याच्या मानेचं काय पडलंय, असं काही मंडळी विचारतील. कारण आहे, ते पुढे येईलच. तूर्त एवढंच सांगतो, की गेल्या शतकात माणसाच्या मानेवरचा एक उपाय घोड्याकडे गेला, तिथे त्याचं रूप बदललं, आणि तो पुन्हा माणसाकडे परत आला. हा प्रवास समजून घ्यायचा तर आधी घोड्याची मान आतून कशी असते ते पाहायला हवं. थोडा जीवशास्त्राचा तास होईल, पण कंटाळा येणार नाही असं बघतो.

घोड्याच्या मानेत सात मणके असतात. आपल्याही मानेत सातच. जिराफाच्याही सात आणि उंदराच्याही सात! लांबी वाढली तरी संख्या वाढत नाही, एकेक मणका लांब होतो. घोड्याचं चित्र काढताना आपल्याला वाटतं की आयाळ जिथे आहे त्याच्या लगेच खाली कणा असेल. तसं नाही. आयाळीखाली असते चरबी आणि एक दणकट, रबरासारखी ताणली जाणारी पट्टी. घोड्याचं जड डोकं सांभाळायचं बरंचसं काम ही पट्टी करते, म्हणून तो तासन् तास मान खाली घालून चरू शकतो. मणके त्या पट्टीच्या बरेच खाली, लांबट वळण घेत जातात आणि छातीजवळ तर ते गळ्याच्या बाजूला असतात.

पहिल्या दोन मणक्यांचे सांधे वेगळे. कवटी आणि पहिला मणका यांच्यातला सांधा 'हो' म्हणायचा, म्हणजे मान वरखाली करायचा. पहिला आणि दुसरा यांच्यातला 'नाही' म्हणायचा, म्हणजे मान वळवायचा. आपलीही रचना हीच. त्यापुढच्या प्रत्येक दोन मणक्यांच्या मध्ये खालच्या बाजूला एक गादी असते आणि वरच्या बाजूला डावीउजवीकडे एकेक छोटा सांधा असतो. तळहातावर तळहात ठेवून किंचित सरकवावा, तशी या सांध्याची हालचाल. घोड्याचे हे सांधे चांगले मोठे असतात. खाली गादी, वर हे दोन सांधे, आणि मधल्या पोकळीतून जातो मज्जारज्जू. मेंदूकडून पायांकडे जाणारे हुकूम आणि पायांकडून मेंदूकडे येणाऱ्या खबरा, सगळ्यांची ये-जा याच एका बोळातून.

आता हा बोळच अरुंद झाला तर?

आपल्याकडे 'गादी सरकली' हे वाक्य आता घरोघरी ऐकू येतं. घोड्याची गादी पातळ आणि चिवट असते, तिच्या मध्यभागी आपल्यासारखा मऊ गर नसतो. त्यामुळे घोड्यात गादी सरकण्याचा प्रकार क्वचित. त्याच्याकडे बिघडतं ते हाड आणि वरचे सांधे. भराभर वाढणाऱ्या तरुण घोड्यांमध्ये मणक्याची पोकळी मुळातच अरुंद राहते किंवा मणके एकमेकांशी नीट जुळत नाहीत. मान सरळ असताना सगळं ठीक, पण मान वाकवली की मज्जारज्जू चिमटतो. हा चिमटा बहुधा तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्याच्या मध्ये बसतो. वयस्कर घोड्यांमध्ये दुसरी तऱ्हा. मानेच्या बुडाशी, पाचव्या ते सातव्या मणक्यांमधले सांधे झिजतात, संधिवाताने सुजतात, हाड वाढतं आणि ते आतल्या बोळात घुसतं. मान कशीही ठेवली तरी हा दाब कायमचा.

यातली गंमत म्हणा किंवा दुर्दैव म्हणा, दाब पडतो मानेत आणि बिघडतात ते मागचे पाय! कारण मागचे पाय कुठे आहेत याची खबर मेंदूकडे नेणारे तंतू मज्जारज्जूच्या बाहेरच्या कडेला असतात. बाहेरून दाब आला की पहिले तेच दबतात. घोड्याला फार दुखतंच असं नाही. त्याला फक्त आपला पाय नेमका कुठे पडतोय हे कळेनासं होतं. तो डुलत चालतो, खुरांचं पुढचं टोक जमिनीवर घासतं. लहान वर्तुळात फिरवलं तर मागचा बाहेरचा पाय नको तितका लांब फेकला जातो. मागे चालवलं तर पायात पाय अडकतात. चालता चालता कुणी शेपटी एका बाजूला ओढली तर धडधाकट घोडा उलट ओढ देतो, हा बिचारा शेपटीबरोबर सरकतो. घोड्यांचे डॉक्टर आजही या साध्या परीक्षा करतात आणि शून्य ते पाच अशी प्रत ठरवतात. शून्य म्हणजे निर्दोष, पाच म्हणजे उठताही न येणारा.

पण हे कळायच्या आधीची शेकडो वर्षं काय झालं असेल, याचा विचार करा. अडखळणारा घोडा म्हणजे आळशी, नाठाळ, नीट न शिकवलेला. त्यावर औषध एकच, चाबूक! आपल्याकडे घोड्यांच्या वैद्यकाची परंपरा फार जुनी. ज्या शालिहोत्र ऋषींच्या नावाने हे शास्त्र ओळखलं जातं, त्यांच्यावरूनच घोड्याच्या वैद्याला 'सालोत्री' हा शब्द आला. आपल्या तबेल्यांत मागून लुळ्या पडणाऱ्या घोड्याच्या आजाराला 'कमरी' म्हणत, आणि हाच शब्द इंग्रजांनीही आपल्या पशुवैद्यकाच्या पुस्तकांत घेतला. कमरी हा निराळा आजार. गुरांच्या अंगातल्या एका जंताची पिल्लं डासांमार्फत घोड्याच्या अंगात शिरतात आणि वाट चुकून मज्जारज्जूत भटकतात, त्यातून तो होतो. पण नावातली नजर बघा. पाय मागचे लटपटतात, म्हणून दोष कमरेचा. खरा दोष कमरेत नाही, मज्जारज्जूत आहे, हे डोळ्यांना दिसत नव्हतं. दिसतं तिथेच दुखणं शोधायचं, ही माणसाची जुनी खोड.

मानेच्या या आजाराकडे नीट पाहिलं गेलं ते अमेरिकेतल्या केंटकी राज्यात. हा भाग शर्यतीच्या घोड्यांच्या पैदाशीसाठी प्रसिद्ध. तिथे उमदी, भराभर वाढलेली शिंगरं एके दिवशी अचानक डुलायला लागत. तबेल्यातले लोक त्यांना 'वॉब्लर', म्हणजे डुलणारा, म्हणत. डिमॉक आणि एरिंग्टन या दोघा अभ्यासकांनी 1939 साली या घोड्यांवर निबंध प्रसिद्ध केला आणि लटपटणाऱ्या पायांचं मूळ मानेत आहे याकडे लक्ष वेधलं. पुढे 1950 साली डिमॉक यांनी हा आजार आनुवंशिक असल्याचं मत मांडलं. रोग आईबापांकडून येतो म्हटलं की पैदास करणाऱ्यांचं धाबं दणाणणारच. पुढे प्रत्यक्ष प्रयोग करून पाहिले गेले. आजारी नर आणि आजारी मादी यांची पैदास केली, तर पिल्लं डुलणारी निघाली नाहीत. मात्र त्यांच्यात हाडांच्या आणि सांध्यांच्या वाढीचे इतर दोष जास्त आढळले. हे निष्कर्ष 1985 साली प्रसिद्ध झाले. आज असं मानतात की कारण एक नाही. रक्त थोडं, खुराक थोडा, वाढीचा वेग थोडा. शिंगरू वर्षाच्या आत असताना लक्षात आलं, तर त्याचा खुराक मोजून देऊन आणि हालचाल मर्यादित ठेवून काही जण सावरतात. लवकर मोठं व्हावं म्हणून भरमसाट खाऊ घालणं घोड्यालाही मानवत नाही. (आमच्या वेळच्या पालकसभेत हे उदाहरण उपयोगी पडलं असतं!)

पण मोठ्या घोड्याचं काय? निदान झालं, तरी उपाय नव्हता. गोळी घालणं हाच शेवट.

इथे गोष्ट घोड्याकडून माणसाकडे वळते. प्रशांत महासागरातल्या हवाई बेटांवर होनोलुलू शहरात राल्फ क्लोवर्ड नावाचे मेंदूशल्यविशारद होते. 7 डिसेंबर 1941 रोजी जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला तेव्हा डोक्याला जखमा झालेल्या सैनिकांवर शस्त्रक्रिया करणारे हेच ते. 1958 साली त्यांनी माणसाच्या मानेवरच्या एका नव्या शस्त्रक्रियेचं वर्णन प्रसिद्ध केलं. मानेचा कणा मागच्या बाजूला, म्हणून शस्त्रक्रियाही मागूनच व्हावी असं आपल्याला वाटेल. क्लोवर्ड पुढून, गळ्याच्या बाजूने गेले. श्वासनलिका आणि अन्ननलिका हळूच बाजूला सारायच्या, दोन मणक्यांच्या मधली खराब गादी काढायची, तिथे गोल भोक पाडायचं आणि रोग्याच्याच कमरेच्या हाडातून काढलेली गोल खुंटी त्या भोकात ठोकून बसवायची. कालांतराने खुंटी आणि दोन्ही मणके मिळून एकच हाड होतं. हालचाल थांबली की चिमटाही थांबतो. अमेरिकेतच स्मिथ आणि रॉबिन्सन यांनीही त्याच सुमारास पुढून जाण्याची अशीच पद्धत मांडली. त्यांची हाडाची चकती चौकोनी, क्लोवर्डची खुंटी गोल.

आता अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यातल्या वॉशिंग्टन राज्यात जाऊ. (राजधानीचं वॉशिंग्टन नव्हे, ते पार दुसऱ्या टोकाला.) तिथल्या पुलमन गावी वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीचं पशुवैद्यक महाविद्यालय आहे. 1970 च्या दशकात तिथल्या पामेला वॅग्नर आणि बॅरी ग्रँट या पशुवैद्यांनी क्लोवर्डची पद्धत घोड्यावर करायचं मनावर घेतलं. विचार तसा सरळच. माणसाचा चिमटा हालचाल थांबवून सुटतो, तर घोड्याचा का सुटू नये?

म्हणायला सोपं. पाचशे किलोचा घोडा भूल देऊन उताणा निजवायचा, चारी पाय वर. गळ्याच्या बाजूने आत जायचं. श्वासनलिका आणि मोठ्या रक्तवाहिन्या बाजूला धरायच्या. जवळच स्वरयंत्राकडे जाणारी एक नाजूक नस असते. तिला धक्का लागला तर माणसाचा आवाज बसतो, घोडा धावताना घोरल्यासारखा आवाज करत धापा टाकतो. आणि सगळं पार पडल्यावर खरा धोका पुढेच असतो. माणूस गळ्याला पट्टा बांधून खाटेवर पडून राहतो. घोड्याला 'पडून राहा' असं कोण सांगणार? भूल उतरली की तो घाबरतो आणि उठायची धडपड करतो. मुळात पाय लटपटणारा, त्यात गुंगी, त्यात मानेत ताजी खुंटी. हाडाची खुंटी अशा वेळी चिरडते किंवा जागेवरून सरकते. अनेक महिने लागणारं जुळण्याचं काम पहिल्या तासातच बिघडायची भीती.

पुलमनच्या उत्तरेला स्पोकेन नावाचं शहर आहे. तिथे जॉर्ज बॅगबी नावाचे माणसांचे अस्थिशल्यविशारद होते. हाडांना नेमका दाब मिळाला तर ती लवकर जुळतात या विषयावर त्यांनी 1950 च्या दशकात मेयो क्लिनिकमध्ये काम केलं होतं. माणसांच्या शस्त्रक्रियेत कमरेतून हाड काढणं त्यांना खटकत होतं, कारण पुष्कळ रोग्यांना मूळ जागेपेक्षा कमरेची जखमच जास्त छळायची. पुलमनच्या मंडळींबरोबर काम करताना त्यांनी हाडाच्या खुंटीऐवजी पोलादाची एक पोकळ, भोकाभोकांची डबी वापरून पाहिली. गंज न चढणाऱ्या पोलादाचं चहाचं गोल गाळणं डोळ्यांसमोर आणा, पण जाड पत्र्याचं. म्हणूनच तिला 'बॅगबी बास्केट' हे नाव पडलं.

तिची युक्ती आपल्याकडच्या कुठल्याही सुताराला चटकन कळेल. कुऱ्हाडीचा दांडा ढिला झाला की त्यात पाचर ठोकतात. पाचर दांडा फाकवते, फाकलेला दांडा आजूबाजूला दाबतो आणि त्याच दाबाने पाचर घट्ट बसते. बॅगबींनी हेच केलं. दोन मणक्यांच्या मध्ये डबीपेक्षा किंचित लहान भोक पाडायचं आणि डबी त्यात ठोकायची. मणके थोडे लांब होतात, त्यांना बांधणाऱ्या पट्ट्या ताणल्या जातात, आणि ताणलेल्या पट्ट्या मणक्यांना परत जवळ ओढत डबीला आवळून धरतात. बाहेरचा स्क्रू नाही, पट्टी नाही. भोक पाडताना निघालेला हाडाचा चुरा डबीत भरायचा, म्हणजे कमरेतून वेगळं हाड काढायला नको. पोलाद भार पेलतं आणि तोवर भोकांमधून हाड आरपार वाढतं. आपला चुरा, आपलीच पाचर!

मानेचे मणके सांधण्याच्या शस्त्रक्रियेवरचा पुलमनचा निबंध 1979 साली प्रसिद्ध झाला. 1980 च्या दशकात डबीवरचे प्रयोग होत राहिले. त्यात दोन प्रकारचे घोडे होते, हे सांगायला हवं. काही खरोखरचे आजारी, बरे व्हायला आणलेले. काही प्रयोगासाठीचे, ज्यांच्या मानेतलं हाड नंतर काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासलं गेलं. विज्ञानाच्या इतिहासात आपण पहिल्यांचं कौतुक करतो. दुसऱ्यांचा उल्लेख सारणीतल्या आकड्यात येतो.

इथून पुढे उपाय परत माणसाकडे निघाला. मिनेसोटा राज्यातले अस्थिशल्यविशारद स्टीफन कुस्लिच आणि बॅगबी यांनी माणसासाठी डबीत बदल केले. घोड्यातली डबी ठोकून बसवायची, माणसातली आटे पाडून स्क्रूसारखी फिरवत बसवायची. धातू टायटॅनियम. दोघांच्या नावांवरून तिला 'बी.ए.के.' म्हणू लागले. सुरुवात मानेपासून नव्हे, कमरेपासून झाली. 1992 पासून अमेरिकेत रोग्यांवर चाचण्या झाल्या आणि 1996 साली तिथल्या सरकारी औषध खात्याने परवानगी दिली. मानेसाठीची छोटी आवृत्ती नंतर आली. त्या पहिल्या नळीसारख्या डब्या आता फारशा वापरत नाहीत. त्यांची जागा चौकटीसारख्या, टायटॅनियमच्या किंवा 'पीक' नावाच्या कणखर प्लास्टिकच्या डब्यांनी घेतली. पण 'केज' हे नाव टिकलं, आणि पोकळ डबीतून हाड वाढू द्यायची कल्पनाही टिकली. आज पुण्या-मुंबईतच काय, जिल्ह्याच्या गावी मणक्याची शस्त्रक्रिया झाली तरी 'केज टाकला' हे शब्द ऐकू येतात.

आता सुरुवातीला सांगायचं राहिलेलं कारण सांगतो. आमच्या आक्कांच्या मानेत असा एक केज आहे. नात्यातल्या मंडळींना हे ठाऊकच आहे. आक्कांची मान कधीच फार दुखली नाही. त्यांचं दुखणं सुरू झालं ते पायातली चप्पल निसटण्यापासून. चार पावलं पुढे गेल्यावर त्यांना कळायचं की एक चप्पल मागेच राहिली! मग ब्लाउजची हुकं लावता येईनात, तांदूळ निवडताना खडे बोटांच्या चिमटीत येईनात, दळणाच्या डब्यावर नाव लिहायचं तर अक्षर ओळखू येईना. शेजारणी म्हणाल्या वय झालं. जावई म्हणाले चप्पल बदला. पहिल्या डॉक्टरांनी गुडघे तपासले आणि कॅल्शियम दिलं. सहा-सात महिने असे गेल्यावर दुसऱ्या एका डॉक्टरांनी त्यांना ओळीत पाऊल लावून चालायला सांगितलं, आणि विचारलं, "आजी, चप्पल पायातून निसटते का हो?" त्यानंतर एमआरआय झाला आणि चिमटा सापडला. शस्त्रक्रियेनंतर आक्कांची चाल पूर्वीसारखी झाली असं म्हणणार नाही. पण घसरण थांबली, जिना एकट्या चढतात, आणि दळणाच्या डब्यावर पुन्हा त्यांचंच अक्षर असतं.

केज म्हणजे काय, हे शोधता शोधता मी घोड्यापर्यंत पोचलो. आक्कांना सांगितलं तर म्हणाल्या, "म्हणजे घोड्याचं औषध मला लागू पडलं म्हण की!" (हसू नका, इतिहासाच्या दृष्टीने हे वाक्य बरोबर आहे.)

घोड्यांच्या बाजूने या गोष्टीतलं सगळ्यात प्रसिद्ध नाव म्हणजे सिअ‍ॅटल स्लू. फेब्रुवारी 1974 मध्ये जन्मलेला हा गडद तपकिरी घोडा लहानपणी इतका बेढब दिसायचा की त्याला एका कार्टूनमधल्या बाळसेदार, धांदरट बदकाच्या पिल्लाचं नाव, 'बेबी ह्यूई', पडलं होतं. 1975 च्या लिलावात तो 17,500 डॉलरना विकला गेला. शर्यतीच्या घोड्यांच्या बाजारात ही किरकोळ रक्कम. 1977 साली त्याने केंटकी डर्बी, प्रीकनेस आणि बेलमाँट या अमेरिकेतल्या तिन्ही मोठ्या शर्यती जिंकल्या, आणि तोवर एकही शर्यत न हरता! न हरता हा तिहेरी मुकुट मिळवणारा तो पहिलाच. दुसरा व्हायला 2018 उजाडलं.

हाच घोडा म्हातारपणी डुलायला लागला. मानेच्या मणक्यांत संधिवात, मज्जारज्जूवर दाब. एप्रिल 2000 मध्ये, सव्वीस वर्षांचा असताना, त्याच्यावर मणके सांधण्याची शस्त्रक्रिया झाली. करणाऱ्यांत पुलमनच्या दिवसांपासून या कामात असलेले बॅरी ग्रँट होते. घोड्याचं सव्वीसावं वर्ष म्हणजे आपल्या हिशेबात सत्तरीच्या पुढचं. तो इतका सावरला की 2001 मध्ये पैदाशीच्या कामावर परतला. 2002 च्या वसंतात दुखणं पुन्हा उलटलं, पुन्हा शस्त्रक्रिया झाली. 7 मे 2002 रोजी तो झोपेतच गेला. त्याने केंटकी डर्बी जिंकली होती ती 7 मे 1977 रोजी. बरोबर पंचवीस वर्षं!

आता घोड्यात जी डबी वापरतात तिलाही आटे असतात. माणसासाठी केलेली सुधारणा घोड्याकडे परत गेली! नव्या डबीसाठी भोकही वेगळं पाडतात, कडेने गोल चर कापून मधला हाडाचा जिवंत खांब तसाच ठेवतात आणि डबी त्याच्याभोवती बसवतात. या डबीला अमेरिकेत सिअ‍ॅटल स्लूचंच नाव दिलं आहे.

हे वाचून सगळं गोड झालं असं वाटेल, म्हणून दुसरी बाजूही सांगतो. शस्त्रक्रियेने घोडा सहसा एक-दोन प्रतींनी सुधारतो. तीनचा दोन होईल किंवा एक होईल, चारचा शून्य क्वचितच. दबून मेलेले तंतू परत उगवत नाहीत. सुधारायलाही कित्येक महिने, कधी वर्ष लागतं. सुधारलेल्या घोड्यावर माणसाने बसावं का, यावर घोड्यांच्या डॉक्टरांत मतभेद आहेत, कारण घोडा पडला तर एकटा पडत नाही, स्वाराला घेऊन पडतो. आणि खर्च असा की सिअ‍ॅटल स्लूला परवडतो, टांग्याच्या घोड्याला परवडत नाही. मोलाच्या घोड्याला डबी आणि बिनमोलाच्या घोड्याला गोळी, हे आजही बऱ्याच अंशी खरं आहे.

पण या सगळ्या इतिहासातली मला सर्वांत मोठी वाटते ती डबी नव्हे. मोठी गोष्ट 1939 ची. अडखळणाऱ्या जनावराकडे बघून 'आळशी आहे, नाठाळ आहे' असं न म्हणता 'याचा पाय असा का पडतो' हे कुणीतरी विचारलं, ती. ज्याला आपला पाय कुठे आहे हेच कळत नाही, त्याला चाबकाने ते कळणार नाही. डबी त्यानंतर चाळीस वर्षांनी आली, पण चाबूक उगारलेला हात खाली यायला डबीची गरज नव्हती. नुसतं कळणं पुरेसं होतं. टांग्याच्या घोड्याला शस्त्रक्रिया देता येणार नाही, पण त्याला न मारणं, त्याच्या पाठीवरचं ओझं उतरवणं, यासाठी पैसे लागत नाहीत.

माणसांत चाबूक नसतो. आपल्याकडे त्याच्याऐवजी दोन शब्द आहेत, 'वय झालं'. ते मारायला नव्हे, मायेनेच म्हटले जातात. पण त्यांच्यामुळे शोध थांबतो, हे त्यांचं चाबकाशी असलेलं साम्य. मज्जारज्जूच्या बाबतीत तर थांबणं महागात पडतं, कारण घोडा काय आणि माणूस काय, शस्त्रक्रिया झालेलं नुकसान सहसा भरून काढत नाही, पुढचं थांबवते. सिअ‍ॅटल स्लूच्या बाबतीत सव्वीसाव्या वर्षी 'वय झालं' म्हणायला सगळ्यांना मुभा होती. कुणीतरी म्हटलं नाही, म्हणून त्याला आणखी दोन वर्षं मिळाली.

तेव्हा मंडळी, घरातल्या थोरांची चप्पल वारंवार मागे राहू लागली, बटणं लावताना हात चुकू लागले, अक्षर अचानक बिघडलं, तर चप्पल जरूर बदला. पण मानही दाखवून घ्या. आणि रस्त्यात एखादा घोडा डुलत, खुरं घासत चालताना दिसला, तर त्याच्या मालकाशी दोन शब्द बोला. पुलमनला सारणीतल्या आकड्यांत राहून गेलेल्या घोड्यांचं आपल्यावर थोडं देणं आहे. ते असं, जमेल तिथे, जमेल तेवढं फेडावं.